कॅसेट भरताना: आवडत्या गाण्यांच्या मिक्स टेपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मामाचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. १९८७ ते १९९३ या काळात कॉलेज सुटलं की मी तिथे लोकांच्या चिठ्ठ्या वाचून कॅसेट भरत बसायचो. आता बऱ्याच घरांतले टेप माळ्यावरून पुन्हा खाली उतरलेत आणि ओळखीपाळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारतात. ते एकदाचे इथे लिहून ठेवतो. सोप्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न खाली.

१. मिक्स टेप म्हणजे नक्की काय? मोबाईलवर गाण्यांची यादी करतोच की आपण!

हा शब्द आपल्याकडे उशिरा आला. आम्ही नुसतं "भरलेली कॅसेट" म्हणायचो. वेगवेगळ्या ठिकाणची आपल्या आवडीची गाणी, आपण ठरवलेल्या क्रमाने, एका कॅसेटवर.

मोबाईलवरची यादी वाढत जाते, कॅसेट संपते. शिवाय कॅसेटवर नको असलेलं गाणं ओलांडायचं म्हणजे फॉरवर्डचं बटण दाबून अंदाजाने थांबायचं, मग थोडं मागे, मग पुन्हा पुढे. इतका खटाटोप कोणी करत नाही. त्यामुळे ऐकणारा सगळं ऐकतो, तेही तुम्ही लावलेल्या क्रमाने. म्हणून "मला काय आवडतं" एवढं ठरवून भागत नाही. कशामागून काय ऐकायला आवडेल, हे ठरवावं लागतं.

२. सी-६० घेऊ की सी-९०?

पहिलीच असेल तर सी-६०. आकडा दोन्ही बाजूंची मिळून मिनिटं सांगतो, म्हणजे सी-६० ला एका बाजूला ३० आणि सी-९० ला ४५. डबी तेवढीच असल्यामुळे सी-९० मध्ये जास्त लांब रीळ बसवायला ते पातळ करावं लागतं. सी-१२० तर इतकी पातळ की जुन्या टेपमध्ये गुंतली म्हणून समजाच. पेन्सिल घालून रीळ गुंडाळण्याची मजा एकदाच वाटते.

दुसरं कारण निवडीचं आहे. पंचेचाळीस मिनिटं हातात असली की "हेही असू दे" सुरू होतं.

डबीवर "क्रोम" किंवा "टाइप टू" लिहिलेलं महाग रीळ साध्या टू-इन-वनसाठी (रेडिओ आणि टेप एकाच डब्यात) घेऊ नका. त्या टेपमध्ये त्याची सोयच नसते. साधं नॉर्मल रीळ घ्या.

३. एका बाजूला किती गाणी बसतात? माझा हिशोब दर वेळी चुकतो आणि शेवटचं गाणं मधेच तुटतं.

हिशोब चुकण्याचं कारण बहुतेकांचं एकच असतं. गाण्याची लांबी ३.४० आणि ४.३५ अशी लिहितात आणि दशांशासारखी बेरीज करतात. उत्तर ७.७५ येतं. खरं उत्तर ८ मिनिटं १५ सेकंद. मिनिटं वेगळी, सेकंद वेगळे मिळवा, साठ झाले की हातचा एक.

परवा भरलेल्या एका बाजूचं उदाहरण घ्या. सात गाणी: ३:१२, ४:०५, ३:४०, ५:१०, ३:२५, ४:३०, ३:५०. बेरीज २७:५२. दोन गाण्यांमध्ये तीन सेकंदांची शांतता, अशा सहा जागा म्हणजे १८ सेकंद. सुरुवातीला रिळाचा जो कोरा, रंगीत किंवा पारदर्शक तुकडा असतो त्यावर आवाज उमटत नाही, त्याचे पाच-सहा सेकंद सोडायचे. एकूण सव्वाअठ्ठावीस मिनिटं झाली. तीसमधून उरली सुमारे पावणेदोन मिनिटं. त्यांचं काय करायचं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

चांगल्या सी-६० मध्ये साधारण ९० मीटर रीळ असतं आणि ते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळतं. म्हणजे छापलेल्या तीस मिनिटांवर मिनिटभर तरी जास्त मिळतं. पण त्या मिनिटाच्या भरवशावर गाणं टाकू नका, स्वस्त कॅसेटला ते मिनिट नसतंही. ढोबळ अंदाज हवा असेल तर बाजूला सात गाणी धरा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातली सव्वातीन मिनिटांची गाणी घेतलीत तर नऊही बसतील.

४. आवडती गाणी शंभर आहेत. त्यातून चौदा कशी काढू?

आधी मोबाईल बाजूला ठेवा. कागद घ्या आणि दहा मिनिटांत आठवतील ती गाणी लिहा. बहुतेकांची वीस-पंचवीसवर गाडी थांबते. जी आठवली नाहीत ती या कॅसेटची नव्हेत. पुढच्या कॅसेटला कोणी अडवलेलं नाही.

मग यादीतली "आवडायला हवीत" म्हणून लिहिलेली गाणी शोधा. दुकानात येणारे कितीतरी जण चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात चार नाट्यगीतं लिहून आणायचे आणि जिना उतरता उतरता परत फिरून म्हणायचे, "दादा, शेवटी जागा उरली तर ते नाचाचं गाणं पण टाका बरं का." ते नाचाचं गाणं खरं आवडतं. ते पहिल्या बाजूला घ्या. स्वतःसाठी भरलेल्या कॅसेटवर शिष्टपणा कशाला?

यानंतर दुसऱ्या अंतऱ्याची परीक्षा. गाणं मनात म्हणून पाहा. मुखडा येतो, पहिला अंतरा अर्धामुर्धा येतो आणि पुढे नुसतं "ला ला ला"? मग तुम्हाला मुखडा आवडतो, गाणं नाही. रेडिओवर, रिक्षात, वरातीत कानावर पडलेल्या गाण्यांचं असंच असतं. हरकत नाही, पण यादीत घेण्याआधी ते एकदा पूर्ण ऐका. काही गाण्यांचा दुसरा अंतरा मुखड्याहून सरस निघतो, काहींचा नुसता मीटर भरायला लिहिलेला असतो. कॅसेटवर तुम्ही ते गाणं दर वेळी शेवटपर्यंत ऐकणार आहात.

तरीही वीस उरली तर? मग गाणी एकमेकांशी भिडवून बघा. पावसाची तीन असतील तर एक ठेवा. बापाच्या आठवणीची दोन असतील तर मात्र मी दोन्ही ठेवीन, एकेका बाजूला एक. अशा वेळी नियम कामाचा नसतो.

आणि एखादं गाणं इतकं जबरदस्त असतं की त्याच्या मागचं-पुढचं काहीच कानात शिरत नाही. ते काढू नका, त्याची जागा बदला (पुढचा प्रश्न).

५. क्रम कसा लावायचा? पहिलं गाणं सगळ्यात चांगलं असावं का?

पहिलं नको, दुसरं किंवा तिसरं. पहिल्या गाण्याच्या वेळी ऐकणारा अजून बटणं दाबतोय, आवाज कमी-जास्त करतोय, चहाचा कप शोधतोय. संगीत नाटकात पडदा वर जाताना नांदी असते, तसं काही द्या: ओळखीचं, स्वच्छ सुरुवातीचं.

पुढचा क्रम लावताना मी दोन गोष्टी बघतो आणि दोन्ही घरच्या घरी तपासता येतात.

पहिली गोष्ट ठेका. आपली बहुतेक भावगीतं आणि सिनेमाची गाणी केरव्यात (आठ मात्रा) किंवा दादऱ्यात (सहा मात्रा) असतात. चार केरवे लागोपाठ आले की गाणी वेगवेगळी असूनही कान कंटाळतो, आणि का कंटाळला ते कळत नाही. आठ मात्रांमागून सहा मात्रांचं एखादं आलं की बसल्या जागी कूस बदलल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट पट्टी, म्हणजे पेटीची कोणती पट्टी षड्ज (सा) धरून गाणं गायलंय ते. पांढरी एकमधलं गाणं संपलं आणि लगेच काळी एकचं सुरू झालं, तर दुसरा गायक सुरात असूनही चढा वाटतो, कारण कानात आधीचा षड्ज घुमत असतो. अर्ध्या सुराचा फरक सगळ्यात वाईट. एकतर पट्टी तीच असू दे, नाहीतर चांगली लांबची घ्या, पांढरी एकवरून पांढरी चार किंवा पाच. पर्यायच नसेल तर मधली शांतता तीनऐवजी सहा-सात सेकंद ठेवा.

शेवट मैफलीसारखा करावा. भैरवी हा खरं तर सकाळचा राग, पण मैफल रात्री संपली तरी शेवटी भैरवी होते आणि त्यानंतर कोणी गात नाही. तुमच्या यादीत भैरवीतलं एखादं गाणं बहुधा असणारच, ते दुसऱ्या बाजूच्या शेवटी टाका. पहिल्या बाजूच्या शेवटी मात्र उलट हवं. तिथे ऐकणाऱ्याला उठून कॅसेट उलटायची आहे, त्याला उठवेल असं काहीतरी द्या. वर म्हटलेलं जबरदस्त गाणं नेमकं इथे बसतं. त्यानंतर कॅसेट उलटेपर्यंत शांतताच असते.

६. अभंग आणि लावणी एकाच कॅसेटवर चालेल का? आई म्हणते बरं दिसत नाही.

आईला सांगा, जुन्या तमाशात गणाने सुरुवात व्हायची आणि लावणीही त्याच फडावर रंगायची. लगोलग मात्र नको. मधे दोन गाण्यांचं अंतर ठेवा, किंवा सरळ बाजू वाटून द्या. पहाटे लावायची कॅसेट असेल तर आईचं ऐका.

७. एकाच गायिकेची किती गाणी घ्यावीत? मला दुसरं कोणी आवडतच नाही.

मग ती तिच्याच गाण्यांची कॅसेट होईल. वाईट काहीच नाही, फक्त तशी बाजारात तयार मिळायची. मिक्स टेपसाठी बाजूला दोन, तीही लागोपाठ नकोत, असं मी धरतो. तिचाच आवाज दोन निराळ्या संगीतकारांकडे कसा लागलाय हे दाखवायचं असेल तर मात्र लागोपाठच घ्या.

एकमेकांना धरून चालणाऱ्या रचनांचा प्रश्नही इथेच येतो. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, छप्पन्न गीतांची ती सलग कथा आहे. त्यातलं एखादं गीत उचलून सिनेमाच्या दोन गाण्यांमध्ये ठेवलं की ते पाहुण्यासारखं अवघडून बसतं. घ्यायचंच असेल तर बाजूच्या सुरुवातीला घ्या.

८. दुसऱ्या कोणासाठी भरायची असेल तर त्याच्या आवडीची घ्यायची की माझ्या?

त्याच्या आवडीची गाणी त्याच्याकडे आहेतच. तुमच्याच आवडीची दिलीत तर ते तुमचं भाषण होतं. मी साधारण असं करतो: तीन गाणी त्याला नक्की आवडणारी, त्यांच्या आडोशाने दोन त्याने न ऐकलेली, मग पुन्हा एक ओळखीचं.

शब्दांकडे डबल लक्ष द्या. स्वतः ऐकताना आपण चालीत असतो, पण दुसऱ्याने दिलेल्या कॅसेटवर माणूस शब्द ऐकतो आणि त्यात निरोप शोधतो. दुकानात एकाने बहिणीच्या लग्नासाठी भरून नेलेल्या कॅसेटवर ओळीने तीन विरहगीतं होती. चाली सुंदर होत्या. नवऱ्याच्या आत्याबाईंनी विचारलं, "मुलीच्या मनात दुसरं काही होतं का हो?"

कव्हरवर गाण्यांची नावं हाताने लिहा. गायक, संगीतकार आठवत असतील तर तेही. "तुझ्यासाठी निवडलेली" वगैरे लिहू नका, ते कळतंच.

९. बाजूच्या शेवटी दीड-दोन मिनिटं उरतात. रिकामी सोडू का?

सोडलीत तरी चालतं, नुसती खरखर ऐकत कॅसेट टक् करून थांबते. पण त्या जागेसाठी माझ्याकडे एक वेगळी वही आहे: सिनेमातले पार्श्वसंगीताचे तुकडे, बासरीची धून, एखादा नुसता आलाप, नाटकातला संवाद, जात्यावरची एक ओवी. नाहीतर माइक लावून स्वतः बोला. तारीख, गाव, बाहेर पाऊस आहे की ऊन. वीस वर्षांनी लोक तोच भाग मागे घेऊन पुन्हा ऐकतात.

गाणं हळूहळू मंद करत मधेच संपवण्याची युक्तीही लोक विचारतात. शेवटी मुखडाच पुन्हा पुन्हा येत असेल तर ठीक. अंतऱ्यात कापायचं नाही.

१०. ख्याल घालता येईल का? चाळीस मिनिटांचा आहे.

अख्खा नाही. मधून कापून तर नाहीच. पण तीन मिनिटांत राग मांडण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत होती. ती तेवढ्यात बंदिश मांडायची आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. पुढच्या चार-पाच दशकांत मोठमोठ्या गवयांनी तबकड्यांसाठी असंच आटोपशीर गायलं. ती मुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात आणि मिक्स टेपवर चपखल बसतात. खरखर असते, त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

११. मोबाईलवरून कॅसेटवर कसं भरायचं? एक गाणं मोठ्याने, एक बारीक येतं.

टेप मोबाईलसमोर ठेवून माइकने भरू नका. कुकरची शिट्टी, कावळा, खालचा भंगारवाला, सगळे येतात. टेपला मागे "लाइन इन" असं भोक आहे का बघा आणि मोबाईलच्या हेडफोनच्या जागेतून तिथे वायर जोडा. माइकच्या भोकात तीच वायर लावली तर आवाज फाटतो. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर अभंगात मेसेजची टिंग येईल.

मोबाईलचा आवाज पूर्ण न ठेवता थोडा खाली ठेवा आणि भरताना त्याला हात लावू नका. डेकवर पातळीची सुई असेल तर प्रत्येक गाण्याचा सगळ्यात जोराचा भाग आधी वाजवून बघा. सुई शून्याच्या आसपास राहावी, क्वचित थोडी लाल पट्ट्यात गेली तर हरकत नाही. जुनी गाणी बारीक असतात, नवी मोठ्याने भरलेली असतात, म्हणून दर गाण्याला पातळी नव्याने लावावी लागते. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पळवाट नाही.

साध्या टू-इन-वनला सुईही नसते आणि गुंडीही. तो पातळी आपोआप ठरवतो. हळू आलाप आला की तो आवाज वर ओढतो, त्याबरोबर खरखरही वर येते. अशा टेपसाठी गाणी निवडतानाच सुरुवातीपासून भरलेला वाद्यमेळ असलेली घ्या. इथे यंत्रच यादीत नाक खुपसतं.

दोन गाण्यांमध्ये स्टॉपऐवजी पॉज वापरा, म्हणजे मधे "टक्" येत नाही.

१२. घरी जुन्या कॅसेट पडल्यात. त्यांवरच भरू का?

बाजारातून विकत आणलेल्या असतील तर खुशाल. त्यांच्या मागच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात. त्यांवर सेलोटेप चिकटवली की रेकॉर्डचं बटण दाबलं जातं.

घरी भरलेल्या असतील तर आधी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका. कव्हरवर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटलेली एक कॅसेट होती. कव्हर हरवलं होतं. सुरुवातीला मिनिटभर काहीच वाजेना, म्हणून मी ती कोरी समजलो आणि एका बाजूला सिनेमाची सात गाणी भरली. भरताना टेप आधीचं पुसूनच पुढे जातो, खाली काही उरत नाही. दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटं आजी आहे. ती बाजू मी लगेच संगणकावर उतरवून घेतली आणि खाचेचा तुकडा मोडून टाकला.

तो असा मोडायचा: जपायची बाजू आपल्याकडे आणि उघडं रीळ खाली ठेवून कॅसेट धरा. वरच्या डाव्या कोपऱ्यातला प्लास्टिकचा तुकडा त्या बाजूचा. स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलला की तुटतो.

१३. हे कायदेशीर आहे का?

मी वकील नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या वाजवी वापराला सूट आहे. प्रती काढून विकणं त्यात बसत नाही. आमच्यासारख्या दुकानांत पैसे घेऊन जे चालायचं तेही बसत नव्हतं, हे आज मोकळेपणाने सांगतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, पण त्यातले शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते अनेकदा जास्त काळ चालतात. गाण्यांच्या ॲपच्या अटी आणखी निराळ्या.

१४. कोकणात राहतो. कॅसेटला पांढरी बुरशी येते. काय करू?

बुरशी आलेली कॅसेट चांगल्या टेपमध्ये लावू नका, हेडवरून ती पुढच्या कॅसेटवर जाते. कॅसेट डबीत, उभ्या ठेवा. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या पावसाळ्याआधी बदलायच्या. स्पीकरच्या डोक्यावर कॅसेटची चळत रचू नका, आत लोहचुंबक असतं. वर्षातून एकदा दोन्ही बाजू सलग वाजवा, म्हणजे रीळ मोकळं होतं.

१५. मुलगी न्यू जर्सीला आहे. तिच्याकडे टेपच नाही. तिला कसं पाठवू?

गाणी सुटी पाठवू नका, ती पहिल्याच दिवशी उलटीसुलटी वाजतील. दोन सलग फाइली करा, पहिली बाजू आणि दुसरी बाजू, प्रत्येकी तीस मिनिटांच्या आत. मधली शांतता तशीच ठेवा. क्रमाचे सगळे नियम (प्रश्न ५) तसेच लागू. बरोबर यादीचा हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवा.

१६. कॅसेट भरून झाली आणि मधलं एक गाणं आता नको वाटतंय. तेवढंच बदलता येईल?

येईल, पण नवं गाणं जुन्याइतकंच किंवा थोडं कमी लांबीचं हवं. जास्त झालं तर ते पुढच्या गाण्याची सुरुवात खातं. कमी पडलं तर जुन्या गाण्याचं शेपूट मागे उरतं. ते पुसायचं असेल तर वायर काढून, पॉज सोडून, तेवढे सेकंद नुसती शांतता भरा. पॉज सोडताना घड्याळ हातात असू द्या.

माझ्या एका कॅसेटवर असं शेपूट राहिलंय, चार सेकंदांचं. नवं गाणं संपतं आणि मागून कोणीतरी "...परत ये ना" एवढंच म्हणतं. कोणतं गाणं होतं ते मला आता आठवत नाही.